रेकॉर्ड प्लेअर विकत घेताना

घराला रंग द्यावयास काढला, किंवा जुना वाडा सोडून कुटुंब नव्या इमारतीत राहावयास निघाले, म्हणजे माळ्यावरच्या वस्तू खाली उतरतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, मडगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांत या वस्तूंमध्ये पुष्कळदा ध्वनिमुद्रिकांची एक पेटी निघते. ज्या यंत्रावर त्या वाजत असत ते यंत्र केव्हाच गेलेले असते. त्याची मोटर बंद पडली, सुई मिळेनाशी झाली, आणि एके दिवशी भंगारवाल्याने ते उचलून नेले. तबकड्या मात्र टाकून देण्याचे धैर्य कोणास झाले नाही.

आणि ते योग्यच झाले. कारण या गावांचा आणि त्या तबकड्यांवरील आवाजांचा संबंध केवळ श्रोत्याचा नाही. अब्दुल करीम खाँ हे काही काळ बडोदे दरबारचे गायक होते. कृष्णराव शंकर पंडितांचे सारे आयुष्य ग्वाल्हेरच्या परंपरेत गेले. अमीर खाँ इंदूरचे म्हणून ओळखले गेले. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले आणि तेथलेच झाले. केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातील केरी गावच्या. तेव्हा पेटीत जे आहे ते बाजारातून आणलेले केवळ गाणे नव्हे, तर आपल्या गल्लीशेजारच्या माणसाचा आवाज आहे, अशी या घरांची भावना असते.

आता घरातील एखादा नातू किंवा नात म्हणते, “आजोबा, रेकॉर्ड प्लेअर पुन्हा मिळू लागले आहेत. एक मागवू या.” ही गोष्ट खरी आहे. कॅसेट आणि पुढे कॉम्पॅक्ट डिस्क आल्यावर तबकडीचा काळ संपला असे सर्वांनी धरले होते. परंतु अमेरिकेत २०२२ साली खपलेल्या तबकड्यांची संख्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या संख्येहून अधिक भरली, आणि असे १९८७ नंतर प्रथमच घडले. मागणी वाढली तशी यंत्रेही वाढली. आज बाजारात हातात धरून नेता येईल अशा रंगीत पेटीपासून मोटारगाडीच्या किमतीच्या यंत्रापर्यंत सर्व काही आहे. प्रश्न एवढाच, की बेताच्या उत्पन्नाच्या घराने यांतून काय निवडावे.

या प्रश्नाचे उत्तर देताना स्वस्त आणि किफायतशीर या दोन शब्दांतील अंतर प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. पंखा स्वस्तातला घेतला तर फार तर तो लवकर बिघडेल. वारा काही बिघडणार नाही. रेकॉर्ड प्लेअरचे तसे नाही. हे यंत्र ज्या वस्तूवर चालते तिला प्रत्येक खेपेस स्पर्श करते, आणि तो स्पर्श वाईट असेल तर वस्तूच झिजते. यंत्रावर वाचवलेले पैसे मग तबकडी भरते, आणि तिच्यातून गेलेला आवाज कोणत्याही दुकानात परत मिळत नाही. म्हणून ज्या यंत्राने तबकडीचे कमीत कमी नुकसान होते आणि सूर यथातथ्य ऐकू येतो, अशांपैकी सर्वांत कमी किमतीचे यंत्र ते किफायतशीर, अशी व्याख्या करणे भाग आहे.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी तबकडी बोलते कशी हे थोडक्यात पाहू. तबकडीच्या एका बाजूवर कडेपासून मध्यापर्यंत वळत गेलेली एकच सलग खाच असते. वीस मिनिटांच्या एल. पी. वरील खाच उलगडून सरळ केली तर ती जवळजवळ ४३० मीटर लांब भरेल. या खाचेच्या भिंती गाण्याच्या कंपनांप्रमाणे नागमोडी कोरलेल्या असतात. सुईचे टोक त्यांतून जाताना त्या वळणांनी हलते, आणि सुईमागच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, त्या हालचालीचे विजेच्या सूक्ष्म प्रवाहात रूपांतर होते. बाकी सारे, म्हणजे मोटर, थाळी, दांडी, पेटी, हे या एका टोकाची सोय राखण्यासाठी आहे. खर्चाचा विचारही याच टोकापासून सुरू झाला पाहिजे.

पहिली बाब सुईच्या भाराची. चांगल्या कार्ट्रिजची सुई एल. पी. वर साधारण दोन ग्रॅम भाराने टेकते. भार कमी झाला तर ती खाचेत नीट बसत नाही, उसळते आणि भिंतींना ठोकरा देते. म्हणजे भार जितका कमी तितके बरे, असेही नाही. कार्ट्रिज करणाऱ्याने जो भार सांगितला असेल तोच बरोबर. तो ठेवता यावा म्हणून दांडीच्या मागच्या टोकाला फिरवता येणारे एक वजन असते. बाजारातील लहान सूटकेससारख्या पेट्यांत हे वजन बहुधा नसते. त्यांची सुई पाच ग्रॅम वा त्याहूनही अधिक भाराने टेकते, दांडी हलकी प्लास्टिकची असते, आणि भार कमीअधिक करण्याची काहीच सोय नसते. थाळीही तबकडीपेक्षा लहान असल्याने एल. पी. ची कड अधांतरी राहते. अशी पेटी दिवाणखान्यात शोभते, भेट म्हणून द्यावयास बरी दिसते, आणि आवाज ताबडतोब येतो. परंतु पेटीतील एकमेव प्रत तिच्यावर लावू नये हे उत्तम. नव्या यंत्रात पाहावयाची पहिली खूण म्हणून हीच सांगता येईल: मागे फिरते वजन आहे काय, आणि कार्ट्रिज काढून दुसरे बसविता येते काय?

दुसरी बाब आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे, आणि परदेशी जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच असतो. जुन्या मराठी घरातील पेटीत एकाच जातीच्या तबकड्या नसतात. काही जड, बोटाने वाजवल्या तर कपबशीसारख्या खणखणणाऱ्या आणि हातून पडल्यास फुटणाऱ्या असतात. त्या लाखेच्या. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्या दाबल्या जात. मिनिटाला ७८ फेरे हा त्यांचा वेग, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. १९०२ साली गौहर जान यांनी कलकत्त्यास गाणे मुद्रित केले तेव्हापासून पुढे १९६० च्या दशकापर्यंत हिंदुस्थानचे बहुतेक मुद्रित संगीत याच जातीच्या तबकड्यांवर आहे. दुसऱ्या तबकड्या हलक्या, किंचित लवचीक, विनाइल नावाच्या प्लास्टिकच्या. अमेरिकेत १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची एल. पी. निघाली आणि १९४९ साली ४५ फेऱ्यांची लहान तबकडी. आपल्याकडे त्या मागाहून आल्या, आणि बराच काळ दोन्ही जाती घराघरांत एकत्र नांदल्या.

या दोन जातींचा वेग निराळा आहे, हे तर सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यांची खाचही निराळी आहे. एल. पी. साठी सुईच्या टोकाची त्रिज्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजली तर सुमारे १८ भाग असते. लाखेच्या तबकडीसाठी ती सुमारे ७५ लागते. एल. पी. ची सुई लाखेच्या रुंद खाचेत लावली तर ती तळाला जाऊन धूळ आणि कचरा खरवडते. गाण्यापेक्षा खरखर अधिक ऐकू येते, आणि सुईही लवकर खराब होते. उलट जाड सुई एल. पी. वर लावली तर ती खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा चिरडीत जाते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर सुईजवळ एक लहानशी कळ असे. ती फिरविली की एका बाजूची सुई जाऊन दुसऱ्या बाजूची येई. ज्यांनी लहानपणी ही कळ फिरविली असेल त्यांना या दोन सुयांचे कारण आता उमगेल. आजच्या यंत्रात ती कळ बहुधा नसते. सुईच ओढून काढावयाची आणि दुसरी बसवावयाची असते.

म्हणून यंत्राच्या किमती विचारण्यापूर्वी घरातील पेटी उघडून मोजदाद करावी. लाखेच्या तबकड्या किती, एल. पी. किती, लहान ४५ फेऱ्यांच्या किती. निवड या मोजदादीवर अवलंबून आहे. आज सुलभ किमतीत मिळणाऱ्या बऱ्याच यंत्रांत ३३⅓ आणि ४५ हे दोनच वेग असतात. ज्या पेटीत निम्म्या तबकड्या ७८ च्या आहेत, तिच्यासाठी ते यंत्र कितीही चांगले असले तरी निम्मेच उपयोगाचे.

तिसरी बाब वेगाच्या खरेपणाची, आणि ती संगीताच्या दृष्टीने नाजूक आहे. थाळी हळू फिरली तर गाणे नुसते संथ होत नाही, सूरही खाली येतो. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की एक संपूर्ण स्वर-पट्टी बदलते, म्हणजे पेटीवरची पुढची किंवा मागची पट्टी लागते. याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतून आणलेल्या जुन्या यंत्रांचे आहे. तेथील विजेची कंपने सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. ज्या जुन्या मोटरींचा वेग या कंपनांवर ठरतो, त्या आपल्याकडे पाच-षष्ठांश वेगाने फिरतात. व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हा दोष जात नाही. परिणामी काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागते, तिचा आवाज जाड आणि वयस्क होतो, तान सुस्तावते. ज्याने ती गायिका पूर्वी ऐकलेली नाही, तो तर हाच तिचा आवाज समजून चालेल. परदेशातील मुलाने प्रेमाने पाठवायचे ठरविले तरी हे विचारून घ्यावे. आजच्या पुष्कळ नव्या यंत्रांत मोटरीचा वेग इलेक्ट्रॉनिक मंडल सांभाळते, त्यामुळे ही अडचण येत नाही.

वेग बरोबर आहे की नाही हे पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. तबकडीच्या कडेखाली थाळीवर कागदाची एक बारीक पट्टी खुणेसाठी ठेवावी, सुई टेकवून तबकडी वाजू द्यावी, आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत. ३३⅓ या वेगावर बरोबर तीन मिनिटांत १०० फेरे झाले पाहिजेत. ९९ किंवा १०१ झाले तर एक टक्क्याचा फरक, तो चालण्यासारखा. ९७ झाले तर यंत्र परत करावे. दुकानात हे करून पाहण्यास संकोच वाटू देऊ नये.

मोटर थाळीस पट्ट्याने फिरविते की थाळीच्या खालीच बसून प्रत्यक्ष फिरविते, यावर शौकिनांत फार वाद होतात. पट्ट्याच्या यंत्रात मोटरीची घरघर सुईपर्यंत कमी पोहोचते. मात्र पट्टा काही वर्षांनी सैल होतो आणि बदलावा लागतो. थेट मोटरीची पद्धत जपानच्या टेक्निक्सने १९७० च्या सुमारास रूढ केली. तिच्या १९७२ सालच्या एस. एल. १२०० या यंत्राने इतकी वर्षे काढली की २०१० साली बंद झालेले ते उत्पादन २०१६ साली पुन्हा सुरू करावे लागले. दोन्ही पद्धतींत चांगली यंत्रे आहेत. बेताच्या खर्चात या वादापेक्षा सुई आणि भार यांकडेच पाहावे.

चौथी बाब जोडणीची. सुईकडून येणारा प्रवाह व्होल्टच्या काही हजारांश भागांइतकाच असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज कमी आणि तार अधिक करून कोरलेली असते. या रीतीचे प्रमाण १९५४ साली ठरले. ऐकताना तिची उलट क्रिया करून समतोल साधावा लागतो. हे काम करणाऱ्या मंडलास फोनो प्रीअॅम्प्लिफायर म्हणतात. घरात जुना अॅम्प्लिफायर असेल आणि त्याच्या मागे ‘फोनो’ असे लिहिलेले छिद्र असेल तर हे काम तेथेच होते. नसेल तर यंत्रातच ते मंडल असलेले बरे, म्हणजे वेगळी डबी घ्यावी लागत नाही. अनेक जण यंत्र घरी आणतात, साध्या ध्वनिवर्धकास जोडतात आणि आवाज अगदी क्षीण येतो म्हणून यंत्रास दोष देतात. दोष यंत्राचा नसतो, मधले मंडल राहून गेलेले असते.

आता ही कसोटी प्रत्यक्ष काही यंत्रांस लावून पाहू. किमती महिन्यागणिक बदलतात, आयातीच्या करांप्रमाणे चढतात. गुणांचा क्रम मात्र टिकतो. जपानच्या ऑडिओ-टेक्निका या संस्थेचे ए. टी. एल. पी. ६० एक्स हे पायरीचे यंत्र मानले जाते. ते स्वयंचलित आहे. कळ दाबली की दांडी आपली आपण उठते, तबकडीवर उतरते आणि शेवटी परत जागेवर जाते. ज्यांचा हात थरथरतो अशा वृद्धांस ही सोय मोलाची आहे. फोनो मंडल आत आहे, सुई बदलता येते. परंतु भार कमीअधिक करता येत नाही, कार्ट्रिज बदलता येत नाही, आणि ७८ चा वेग नाही. पेटीत केवळ एल. पी. असतील आणि खर्चाची मर्यादा कडक असेल तर येथे थांबण्यास हरकत नाही.

त्याच संस्थेचे ए. टी. एल. पी. १२० एक्स हे त्यावरचे यंत्र. त्यात तिन्ही वेग आहेत, मागचे फिरते वजन आहे, सुईला मध्याकडे ओढणाऱ्या जोराचा समतोल करण्याची सोय आहे, आणि आतले फोनो मंडल हवे तेव्हा बंदही करता येते. त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्ट्रिजच्या मालिकेत लाखेच्या तबकड्यांसाठी जाड टोकाची सुईही निराळी मिळते, आणि ती त्याच डबीत बसते. मात्र ती सुई बसविली की भारही तिच्या सूचनेप्रमाणे पुन्हा लावावा लागतो. दोन जातींच्या तबकड्या असलेल्या घरास हेच, किंवा याच गुणांचे दुसऱ्या एखाद्या कारखान्याचे यंत्र, खऱ्या अर्थाने किफायतशीर ठरेल.

इंग्लंडच्या रेगा कंपनीचे प्लॅनर १ यासारखे यंत्र साधे, देखणे आणि आवाजाच्या दृष्टीने चोख असते. परंतु त्यात दोनच वेग आहेत, आणि वेग बदलण्यासाठी थाळी उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो. ज्याच्याकडे केवळ एल. पी. आहेत आणि जो त्या निगुतीने ऐकणार आहे, त्याने अवश्य या वाटेने जावे. रंगीत दिवे, बिनतारी जोडणी, लाकडी नक्षी, आतच बसविलेले ध्वनिवर्धक यांवर मात्र पैसा घालवू नये. पेटीत बसविलेले ध्वनिवर्धक तर सुईलाच हादरे देतात. तोच पैसा बाजूला ठेवून भार मोजण्याचा एक लहान काटा, एक मऊ कुंचला आणि राखीव सुई घ्यावी.

जुने यंत्र दुरुस्त करून घेणे यापेक्षा बरे नाही काय, असा प्रश्न येईल. गावात जाणता कारागीर असेल तर निश्चितच बरे. परंतु जुन्या यंत्राचे वंगण वाळलेले असते, रबर कडक झालेले असते, आणि मूळची सुई मिळण्याचा भरवसा नसतो. कारागीर नसलेल्या गावी नवे यंत्र घेणेच शहाणपणाचे.

यंत्र आल्यावरही काही पथ्ये आहेत. ते सपाट आणि न हलणाऱ्या जागी ठेवावे. सुईचे आयुष्य तासांत मोजतात. टोकाच्या घडणीप्रमाणे ते सुमारे ३०० ते १००० तासांचे असते. घरात रोज एक तास गाणे वाजले तर साधी सुई वर्ष-दीड वर्षात बदलावी लागेल, हे गृहीत धरून खर्च ठरवावा. पूर्वीच्या चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तर दर बाजूस बदलावयाची असे. तो नियम ज्यांनी पाळला त्यांच्याच तबकड्या आज ऐकण्याजोग्या राहिल्या आहेत. तबकडी वाजविण्यापूर्वी धूळ झटकावी. एल. पी. ऊर्ध्वपातित पाण्याने पुसता येते. परंतु लाखेच्या तबकडीस स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव्य चुकूनही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. आणि जी तबकडी घरात एकच आहे व अन्यत्र मिळण्याचा संभव नाही, ती चांगल्या सुईने एकदा वाजवून संगणकावर उतरवून घ्यावी, व मग क्वचितच काढावी.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेबाहेरच्या प्रवासास धाडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि तिच्यात केसरबाई केरकरांच्या आवाजातील भैरवी आहे. ती तबकडी कोणाच्या हाती पडेल हे कोणासच ठाऊक नव्हते. तरीही पाठविणाऱ्यांनी तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली, आणि ती कशी लावावी व तबकडी किती वेगाने फिरवावी याच्या खुणा वरच्या झाकणावर कोरल्या. योग्य सुई आणि योग्य वेग यांवाचून तबकडी मुकी राहते, हे त्यांनी ओळखले होते.

माळ्यावरून उतरलेल्या पेटीबरोबर मात्र अशी सुई आणि असे झाकण कोणी ठेवलेले नसते. ते काम नव्या पिढीचे आहे. म्हणून आधी पेटी उघडावी, तबकड्यांची मोजदाद करावी, त्यांचे वेग कागदावर लिहून घ्यावेत, आणि तो कागद खिशात घालून मग दुकानाची पायरी चढावी.